चिंटूला वाडी कुणी विचारत नाही

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २१ नोव्हेंबर १९९१ रोजी, ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रमालिका सुरू झाली. तिच्या आरंभीच्या पट्ट्या मी शिवथरला पुन्हा वाचल्या. तीन-चार चौकटींत मोठ्यांची फजिती पकडणारी ही रेषा अस्सल आहे. ते नाकारणे कद्रूपणाचे होईल. पण पप्पू, मिनी, बगळ्या, राजू नुसत्या नावाने ओळखू येतात. शेजारच्या काकू मात्र जोशी. आडनावाविना बालपण ही पांढरपेशांची सवलत आहे. आमच्या खोऱ्यात पोराला खेळात घेण्याआधी वाडी विचारतात. वाडी कळली की जात कळते. चिंटूला कुणी विचारत नाही, कारण त्याचे घर वाचकाने आधीच आपले मानलेले असते. मग याला सरसकट ‘मराठी बालपण’ कसे म्हणावे? चवदार तळ्याच्या तालुक्यातले पोर चिंटूवर हसते, मीही हसतो. पण त्या अंगणात ते खेळायला कधी आले?