तारवात मागे राहिलेली माणसे

बंगळूरच्या शिवाजीनगरात दरवर्षी २९ ऑगस्टला सेंट मेरी चर्चवर ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरचा मरियेचा जन्मोत्सव होईपर्यंत रसेल मार्केटजवळची वाट पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जाते. कित्येकांच्या अंगावर भगवी वस्त्रे असतात. मरियेच्या मूर्तीस साडी नेसवलेली असते. प्रार्थना तमिळ, कन्नड, इंग्रजी अशा चालतात. वस्तीला नाव शिवछत्रपतींचे असले तरी मराठी शब्द मात्र कानी पडत नाही. त्या गर्दीतून वाट काढीत आम्ही घरी आलो आणि पुष्कळ वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घेतली. नऊ दिवस भगवे नेसणे आणि जन्मभर एकाच्या मागे चालणे यांत अंतर किती, हा प्रश्न वाटेवरच आमच्या मनात शिरला होता.

या जागेला तो प्रश्न नवा नाही. येथील जुने प्रार्थनामंदिर उभारल्याचे श्रेय परंपरेने ज्यांना दिले जाते ते फ्रेंच धर्मगुरू आबे द्युब्वा एतद्देशीय वेष करून सुमारे तीस वर्षे दक्षिणेत राहिले. १८२३ साली ते परतले आणि हिंदूंचे ख्रिस्तीकरण होणे नाही, असे त्यांनी आपल्या पत्रांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले. आजची गर्दी पाहून त्यांचा हिशेब चुकला असे म्हणणे सोपे आहे. पण त्या पुस्तकातील एक गोष्ट खरी होती. या देशात जो ख्रिस्ताच्या मागे जातो त्याला आप्त, जात, घरदार या सर्वांवर पाणी सोडावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. मात्र ज्या घरावर पाणी सोडले जाते त्या घराला काय वाटते, हे त्यांनी सांगितले नाही. ते सांगण्यास एक मराठी बाई लेखणी घेऊन बसावी लागली.

नारायण वामन टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. चरित्रकारांना या दोन तारखांमधील मंथन फार मोलाचे वाटते, आणि ते आहेही. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मात्र ती घटना बातमी होऊन घरात येते आणि घर मोडते. पुढची जवळजवळ पाच वर्षे ही स्त्री लहान मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाने काढते. त्यांतला काही काळ पंढरपुरात, म्हणजे विठोबाच्या दारात जातो. ज्या तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, त्या तुकोबांचे दैवत तिच्या समोर होते आणि नवरा परधर्मात होता!

शुभवर्तमानात याकोब आणि योहान हाक येताच निघून जातात. त्यांचा बाप जब्दी चाकरांसह तारवात मागे राहतो. त्यानंतर जब्दीला काय वाटले, कोणी विचारीत नाही. 'स्मृतिचित्रे' हे आमच्या मते जब्दीच्या बाजूने लिहिलेले पुस्तक आहे. १९३७ साली जर्मनीत बोन्हॉफर यांनी अनुयायित्वावरील आपल्या ग्रंथात स्वस्त कृपा आणि महाग कृपा असा भेद केला आणि १९४५ साली फाशी जाऊन ती किंमत स्वतः मोजली. त्या विवेचनात हाक ऐकणारा आणि किंमत देणारा एकच आहे. लक्ष्मीबाईंच्या घरी हाक एकाला आली आणि किंमत दुसरीने भरली. मराठीत शिष्यत्वावर अभंग पुष्कळ आहेत. ही वजाबाकी इतक्या निर्मळपणे मांडलेली आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

पुष्कळ वाचक हे पुस्तक विनोदी संसारचित्रे म्हणून वाचतात. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा संताप, हाती न टिकणारा पैसा यांवर आम्हीही पोट धरून हसलो आहो. पण हे हसू क्षमेचे नव्हे आणि तक्रारीचेही नव्हे. बाई नवऱ्याला संत करीत नाहीत, खलही करीत नाहीत. त्यांचे वाक्य स्वयंपाकघरातल्या बोलण्याइतके आखूड असते आणि जेथे दुसरा लेखक टाहो फोडील तेथे ते पुढच्या प्रसंगाकडे वळते. उत्तरार्धात वीण सैल होते, प्रसंगांची नुसती रांग लागते, हे कबूल केले पाहिजे.

पूर्वार्धाचा कळस मात्र बाप्तिस्म्यात नाही. जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हेत, हे त्यांना एकदा पटते आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्या निश्चय करतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे नवऱ्यामागे फरफटत गेलेली पत्नी, हे वर्णन त्यांना लागू पडत नाही. त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला आल्या. टिळकांना ग्रंथ भेटला. यांना पाण्याचा पेला पुरला.

टिळकांच्या अभंगांवर आमचे प्रेम आहे. पण त्या अभंगांत गुरू आणि शिष्य दोघेच असतात. चूल पेटते की नाही याची वार्ता नसते. १९१७ साली मिशन सोडून, संन्यास घेऊन त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात घेतले. कल्पना थोर होती. चर्चच्या भिंतीबाहेरच्या अनुयायाला एवढे मोकळे स्थान देण्याचे धैर्य तेव्हा थोड्यांत होते. आमच्या भगव्या गर्दीतील कित्येकांना त्या दरबारात जागा मिळाली असती. पण संन्यास घेणाऱ्याच्या मागे घर असतेच आणि ते सांभाळणारी तीच होती.

१९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे महाकाव्य 'ख्रिस्तायन' तेव्हा दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. साठांहून अधिक अध्याय त्यांचे आहेत. शाळेत न गेलेल्या, नवऱ्यानेच अक्षरओळख करून दिलेल्या बाईने हे केले. टिळकांची रचना अधिक रेखीव आहे, बाईंची घरगुती. काव्यगुणांत टिळकांचे पारडे जड आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तरी पुस्तक उघडले की, एक हात थांबून दुसरा सुरू होतो त्या सांध्यापाशीच आमचे बोट अडते, आणि तेथून पुढे वाचण्यास आम्हांस नेहमी थोडा वेळ लागतो.