कोट आणि स्वेटर

गुरु दत्त यांचा ‘कागज के फूल’ हा भारतांतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. १९५९ सालीं प्रेक्षकांनीं त्याकडे पाठ फिरविली, आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरु दत्तांनीं पडद्यावर आपलें नांव पुन्हां लावलें नाहीं. उंची सुटांत वावरणाऱ्या, पाइप ओढणाऱ्या नायकाच्या दुःखाशीं आमचें काय नातें, असें मंद्रूपसारख्या गांवचा प्रेक्षक विचारील, तर तो प्रश्न गैर नव्हे.

परंतु या पोशाखांत केवळ डौल पाहणें अपुरें होय. पावसांत भिजलेल्या शांतीला सुरेश आपला कोट देतो. तो परत करावयास ती स्टुडिओंत येते, चुकून कॅमेऱ्यासमोर जाते आणि पुढें नटी होते. ती त्याच्यासाठीं स्वेटर विणते. शेवटीं दरिद्री एक्स्ट्रा म्हणून आलेल्या सुरेशच्या अंगावर तोच विरलेला स्वेटर असतो, आणि ती त्याला ओळखते. ज्याच्या घरीं वडिलांचा जुना कोट अद्याप खुंटीला आहे, त्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

सासरच्या विलायती थाटाची थट्टा मात्र ढोबळ उतरली आहे, आणि नायकाची आत्मकरुणा कांहीं ठिकाणीं लांबते. म्हणून त्या वेळच्या प्रेक्षकांचा कौल समजण्याजोगा वाटतो; तो न्याय्य होता, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं.