चुन्याच्या रानातली वेचणी

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा म्हटली की गर्दीचे फोटो छापून येतात. बालाघाटाच्या डोंगरावरचं देऊळ, पायऱ्यांवरची रेटारेटी, हलगी-संबळाचा दणका, परड्या, पोत, कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिनी. हे सगळं देखणं आहेच, पण ते थोड्याफार फरकाने तुळजापुरातही दिसतं. येरमाळ्याचं खरं वैभव पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चुन्याच्या रानात आहे.

त्या दिवशी पालखी डोंगर उतरून गावात येते आणि आमराईकडे निघते. वाटेतल्या रानात ‘आई राजा उदो उदो’ म्हणत लाखोंचा जमाव एकदम वाकतो आणि चुनखडीचे खडे वेचू लागतो. कुणी ओच्यात घेतं, कुणी टोपीत, कुणी टॉवेलच्या गाठीत. चैत्राचं ऊन, तापलेली ढेकळं, आणि त्यात बोटांनी माती उकरून पांढरा खडा शोधायचा. खडा खरखरीत, ओबडधोबड. बोटांना पांढरी पूड लागते. या चुन्यानेच देवीच्या देवळाला सफेदी द्यायची, ही रीत.

मला यातली योजना फार आवडते. चुनखड रान म्हणजे शेतकऱ्याच्या कपाळावरची आठी; तिथं पिकाची पानं पिवळी पडतात, मोसंबी-लिंबू तर नीट धरत नाही. तोच नकोसा खडा इथं देवीसाठी वेचायचा! भट्टीत भाजला की त्याची कळी होते, पाणी पडताच ती फसफसून उकळते, फुटते आणि सफेदी होऊन भिंतीवर चढते. पुढं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिची पुन्हा चुनखडीच होते. म्हणजे रानातला दगड देवळाच्या भिंतीवर जाऊन पुन्हा दगड होतो. नारळ-खणाला पैसे लागतात. या सेवेला फक्त वाकावं लागतं. वाकताना सरपंच कोण आणि सालगडी कोण, पाठीवरून ओळखू येत नाही.

बाबा आमट्यांनी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत तरुणांना श्रमाची गोडी लावली, तिचं कौतुक आपण करतो, आणि करावंच. इथं मात्र ना शिबिर, ना प्रमाणपत्र. पोरं एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने खडे वेचतात. मला त्यात काही खटकत नाही.

जायचं असेल तर पाण्याची बाटली आणि डोक्याला पंचा घ्या. पालखी आमराईत पाच दिवस मुक्कामी असते, दर्शन केव्हाही होईल. वेचणी मात्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच.