‘एकच प्याला’तील न भरलेली बैठक

राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी देहावसान झाले, आणि त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणले. तेव्हापासून या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले. सिंधू अतिआदर्श आहे की काय, विनोद शोकरसास पोषक ठरतो की मारक, या प्रश्नांची चर्चा आता जुनी झाली. परंतु वर्गात हे नाटक शिकविताना सुधाकराचा नाश मनोदौर्बल्याने झाला, असे जे तात्पर्य सर्रास सांगितले जाते, ते आम्हांस मान्य नाही. नाटकाची रचनाच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ पाहावे. प्रेक्षक त्याला हसतात आणि विसरतात. पण त्या मंडळात शास्त्री आणि खुदाबक्ष एका पंक्तीस बसतात. तेथे कोणी कोणाची पायरी काढीत नाही, आणि आलेल्यास ‘का आलास?’ असा प्रश्न नाही. सनद गेल्याने व्याकुळ झालेल्या सुधाकरास पहिला प्याला देणारा हात या मंडळाच्या सूत्रधाराचाच आहे. गडकऱ्यांच्या सूक्ष्म दृष्टीला दिसले ते हे की, व्यसन एकट्याचे असले तरी त्याला सोबत लागते.

आता याच्या उलट बाजू पाहू. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तेव्हा त्याच्या सोबतीस कोण आहे? सिंधूची निष्ठा आहे, रामलालाचा उपदेश आहे. पण ज्याने स्वतः तो प्याला ओठांस लावून खाली ठेवला, असा एकही मनुष्य त्याच्याजवळ नाही. नोकरीसाठी तो प्रतिष्ठितांच्या दारी जातो, अपमान पदरी घेऊन परततो, आणि त्या संध्याकाळी त्याला जाण्यासारखे एकच ठिकाण उरते. पिणाऱ्यांचे मंडळ आहे, सोडणाऱ्यांचे नाही. शोकांतिकेचे मर्म आम्हांस येथे दिसते.

या प्रयोगानंतर सोळा वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील अॅक्रन गावी असाच एक प्रसंग घडला. बिल विल्सन नावाचा नुकताच दारू सोडलेला गृहस्थ धंद्यात अपयश घेऊन एका हॉटेलात उभा होता. पलीकडे मद्यगृह होते. तो तेथे न जाता टेलिफोनकडे वळला, आणि गावातील धर्मोपदेशकांस विचारून त्याने आपल्यासारखाच एक मद्यपी शोधून काढला. त्याला उपदेश करावयाचा नव्हता. स्वतःला सावरावयाचे होते. तो दुसरा गृहस्थ म्हणजे डॉक्टर रॉबर्ट स्मिथ. त्या वर्षीचा १० जून हा ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो.

आज या संस्थेच्या बैठका आपल्याकडेही, मराठीतूनसुद्धा, भरतात. वर्गणीची सक्ती नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. आडनाव सांगावे लागत नाही. एक जण उठतो, आपण दारुडे असल्याचे सांगतो आणि स्वतःची कहाणी निवेदन करतो. मध्ये कोणी बोलत नाही, शेवटी कोणी निकाल देत नाही. जन्मभराची शपथ मागितली जात नाही. केवळ आजचा दिवस, केवळ पहिला प्याला टाळावयाचा. गडकऱ्यांनी नाशाचे बीज ज्या एका प्याल्यात पाहिले, त्याच प्याल्यापाशी ही मंडळी पहारा ठेवतात! नाटककाराच्या निदानाला याहून मोठा पुरावा कोणता?

भगीरथाचे उदाहरण येथे कोणी पुढे करील. तो तर रामलालाच्या बोलण्याने सुधारतो. खरे आहे. परंतु भगीरथाला केवळ बोल मिळत नाहीत, कार्य मिळते. सेवेच्या निमित्ताने तो माणसांत परततो. सुधाकराला माणसांत परतूच दिले जात नाही. म्हणजे अपवादानेही आमचाच मुद्दा दृढ होतो.

सिंधूचेही तसेच. घरातील गोष्ट उंबऱ्याबाहेर न जाऊ देण्याची तिची पराकाष्ठा आपण पातिव्रत्य म्हणून वाखाणतो. मद्यपींच्या आप्तांसाठी १९५१ साली ‘अल-अॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना उभी राहिली, ती नेमका हा मुका भार हलका करण्यासाठी. जाते ओढणाऱ्या सिंधूला बोलण्यासाठी एकही खोली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या मौनाकडे आदराबरोबर भयानेही पाहावे लागते.

शोकांतिकेकडे औषधोपचाराची मागणी करणे अरसिकपणाचे आहे, हे आम्ही जाणतो. बैठक हा सर्वांवरचा रामबाण उपाय नव्हे. मुरलेल्या मद्यपीने एकाएकी दारू तोडणे जिवावर बेतू शकते, तेथे वैद्यच हवा. गडकऱ्यांनी सुधाकरास वाचवावयास हवे होते, असेही आमचे म्हणणे नाही. आमची विनंती शिक्षकबंधूंस आणि भगिनींस आहे. आपण ‘दुबळ्या मनाचा सुधाकर’ असे फळ्यावर लिहितो तेव्हा समोरच्या बाकांवर एखादे मूल असे असते, की ज्याच्या घरी सुधाकर आहे. ते मूल मान खाली घालते आणि आपल्या बापाविषयीचा निकाल वहीत उतरवून घेते. त्याने तेवढेच घरी न्यावे काय? सुधाकर दुबळा होता त्यापेक्षा अधिक एकटा होता, हे नाटकातच लिहिलेले आहे. ते वाचून दाखविणे हे आपले काम आहे.