जिभेचा कायदा आणि गाळलेली नावं

‘माणूस आणि किलर व्हेलची अनोखी मैत्री’. ईडनची गोष्ट बहुतेक वेळा अशीच सांगितली जाते. ईडन हे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं, टूफोल्ड बेच्या काठावरचं छोटं बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डेव्हिडसन कुटुंब इथे देवमाशांच्या शिकारीचा धंदा करायचं. किलर व्हेल, म्हणजे ऑर्का, मोठ्या देवमाशाला खाडीत रेटत आणायचे आणि पाण्यावर शेपट्या आपटून माणसांना बोलवायचे. मग होड्या निघायच्या, भाले फेकले जायचे. मेलेला देवमासा नांगराला बांधून ठेवायचे. त्याची जीभ आणि ओठ ऑर्कांना, बाकीची चरबी, म्हणजे तेल, माणसांना. हा ‘जिभेचा कायदा’.

गोष्ट भारीच आहे. खटकतं ते तिचं सांगणं.

तिचा हीरो ओल्ड टॉम. तो १९३० मध्ये मेला, त्याचा सांगाडा ईडनच्या संग्रहालयात आहे. दंतकथेत त्याचं वय ऐंशीच्या पुढे जातं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दातांच्या अभ्यासाचा अंदाज होता सुमारे ३५. म्हणजे अनेक ऑर्कांचं काम बहुधा एकट्या टॉमच्या नावावर जमा झालंय.

पण मोठी गफलत ‘मैत्री’ या शब्दात आहे. मैत्री कोणाची? इथले मूळ रहिवासी थावा लोक ऑर्कांना आपले परतलेले पूर्वज मानत. त्यांच्या मौखिक परंपरेनुसार हे नातं गोऱ्यांच्या धंद्याआधीचं. डेव्हिडसनांच्या होड्यांवर तेच राबत होते. तरी गोष्टीत ऑर्कांना नावं आहेत, टॉम, हूकी, हम्पी. आणि थावा माणसं बहुतेकदा नुसती ‘क्रू’. दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी वापरायची आणि अ‍ॅपवर फक्त आपला लोगो लावायचा, तसं हे.

आणि ज्याची जीभ गेली तो? करारात दोनच पक्ष. देवमासा हा तिसरा, त्याला कोणी विचारलंच नाही. त्याला वगळलं की धंदा मैत्रीसारखा दिसायला लागतो.

२०२३ मध्ये टॉमच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या ऑर्कांमध्ये त्याचे वंशज सापडले नाहीत, त्याचा कळप बहुधा संपला. त्या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये मात्र एक थावा वंशज आहे. म्हणजे यावेळी थावांचं नाव श्रेयनामावलीत आलं. ईडनची गोष्ट पुन्हा सांगायची असेल, तर सुरुवात तिथून व्हावी.