पीसीबी डिझायनरचं प्रमाणपत्र: ग्वाही नेमकी कशाची?

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण जे तरुण पीसीबी लेआउटचं काम करतात त्यांच्या खिशाशी आणि प्रतिष्ठेशी त्याचा थेट संबंध आहे. या कामाचं जे प्रमाणपत्र मिळतं, ते नेमकी कशाची ग्वाही देतं?

आधी थोडा इतिहास. १९५७ साली अमेरिकेत सहा बोर्ड-उत्पादकांनी मिळून इन्स्टिट्यूट फॉर प्रिंटेड सर्किट्स ही संस्था काढली. तीच पुढे आयपीसी म्हणून ओळखली गेली. म्हणजे संस्था कंपन्यांची, डिझायनरांची नव्हे. त्या काळचा डिझायनर बहुधा ड्राफ्ट्समन असायचा. पारदर्शक फिल्मवर काळ्या टेपनं, दुप्पट किंवा चौपट मापात, ट्रॅक चिकटवायचा. पीसीबी डिझाइनची स्वतंत्र पदवी आजही क्वचितच दिसते. त्यामुळे आयपीसीची डिझायनर्स कौन्सिल आणि तिचं 'सर्टिफाइड इंटरकनेक्ट डिझायनर' हे प्रमाणपत्र आलं, तेव्हा या माणसांना एक ओळख मिळाली. हे श्रेय द्यायलाच हवं.

दुसरं श्रेय समान भाषेचं. 'क्लास थ्री' म्हटलं की डिझायनर, बोर्ड बनवणारा आणि तपासणारा, तिघांनाही कळतं की हे यंत्र ऐन वेळी बंद पडून चालणार नाही. खेळण्याचा बोर्ड आणि जीवरक्षक यंत्राचा बोर्ड एकाच फूटपट्टीनं मोजायचा नाही, ही शिस्त मानकांनी लावली.

मग अडचण कुठे आहे? एक उदाहरण बघू. ट्रॅकमधून किती करंट जाऊ द्यायचा, यासाठी आयपीसी-२२२१ मधला तक्ता आणि त्यावरून काढलेलं सूत्र वर्षानुवर्षं वापरात आहे. सूत्रातला स्थिरांक बाहेरच्या ट्रॅकला ०.०४८ आणि आतल्या लेयरमधल्या ट्रॅकला ०.०२४. बरोब्बर निम्मा! निसर्ग इतका नीटनेटका वागत नाही. या तक्त्याचं मूळ १९५० च्या दशकातल्या चाचण्यांत आहे, आणि आतल्या ट्रॅकसाठी वेगळं मोजमाप न करता सावधगिरी म्हणून आकडा निम्मा केला गेला. २००९ मध्ये नव्या मोजमापांवर आधारलेलं आयपीसी-२१५२ आलं. त्यातून दिसलं की आतला ट्रॅक जास्त तापतोच असं नाही, कारण भोवतालचं एफआर-४ हवेपेक्षा उष्णता बरी वाहून नेतं. बोर्डाची जाडी, जवळचं कॉपर प्लेन, यांनीही उत्तर बदलतं. हवाच नसेल, उदाहरणार्थ उपग्रहात, तर ट्रॅक आणखी तापतो.

आता परीक्षेचा विचार करा. पुस्तकाप्रमाणे 'निम्मा' लिहिणारा बरोबर ठरणार. 'हा निम्मा आला कुठून?' असं विचारणाऱ्याला त्याचे गुण कुठले? माझा आक्षेप हा आहे. प्रमाणपत्र मानक माहीत असल्याची ग्वाही देतं, पण ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हे ओळखण्याची ग्वाही देत नाही.

दुसरा आक्षेप संघटनेवर. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. नोंदणी नसेल तर 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. पीसीबी डिझायनरला असं काही नाही. बोर्ड जळला तर जाब विचारणारी परिषद नाही. आणि मॅनेजरनं 'जागा नाही, क्लिअरन्स कमी कर' म्हटलं, तर 'नाही' म्हणणाऱ्याच्या पाठीशीही कुणी उभं राहत नाही. हे मला जास्त गंभीर वाटतं. २०२० मध्ये डिझायनर्स कौन्सिलमधल्या मंडळींनी प्रिंटेड सर्किट इंजिनिअरिंग असोसिएशन काढली, तिचंही प्रमाणपत्र आहे. पर्याय वाढला, ठीक. पण दुसऱ्या प्रमाणपत्रानं पाठबळाचा प्रश्न सुटत नाही.

काय हवं, तेही सांगतो. उमेदवारानं स्वतःचा एक बोर्ड अनुभवी डिझायनरांसमोर ठेवावा आणि प्रत्येक निर्णयाचं कारण सांगावं. हा ट्रॅक इतका रुंद का? हे व्हाया इथेच का? उत्तरं देता आली तर प्रमाणपत्र. आणि ज्या डिझायनरनं सुरक्षेसाठी नकार दिला, त्याचा नकार लेखी उचलून धरणारी संघटना.

तोवर परीक्षा देऊ नका असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या बाजारात तिचा उपयोग होतो. पण फी भरण्याआधी मानक मुळापासून वाचा, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याला त्याचं मूळ गाव विचारा.