केंद्रस्थानी कोणता विद्यार्थी?

ऑनलाइन अध्यापनाच्या चर्चेत 'विद्यार्थीकेंद्री' हा शब्द सध्या मंत्रासारखा उच्चारला जातो. मला या शब्दाचीच तपासणी करावीशी वाटते. केंद्रस्थानी विद्यार्थी आहे, हे मान्य; पण कोणता?

अभ्यासक्रम-रचनेचा 'ॲडी' हा आराखडा १९७५ मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी तयार झाला. त्याची पहिलीच पायरी विश्लेषणाची: शिकणारा कोण, त्याला आधी काय येते, तो कोणत्या परिस्थितीत शिकतो. आपल्याकडे नेमकी हीच पायरी गाळून थेट चित्रफितीवर उडी मारली जाते. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्'चे चार भाग पाहा: चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चापीठ, स्वमूल्यमापन. मांडणी सुबक आहे. तिने गृहीत धरलेला विद्यार्थी मात्र स्वतंत्र खोलीत, स्वतःच्या संगणकासमोर, बहुधा इंग्रजीत विचार करीत बसलेला असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता! पुढे मोबाईल घरोघर पोचला खरा, पण एका मोबाईलवर तीन भावंडे शिकतात आणि बापाला कामाचा निरोपही त्याच्यावरच येतो. अशात २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पुरे करण्याची मुभा दिली.

चित्रफीत थांबवून पुन्हा ऐकता येते, ही सोय मी क्षुल्लक मानीत नाही. वर्गात 'पुन्हा सांगा' म्हणायला ज्याची जीभ रेटत नाही, त्याला तो मोठाच आधार आहे. परंतु अनेक चर्चापीठांवर प्रश्नासोबत विचारणाऱ्याचे पूर्ण नाव झळकते. आडनावावरून जात हुंगणाऱ्या समाजात हा तांत्रिक तपशील नव्हे. माझे विद्यार्थी तिथे गप्प राहतात आणि शंका मला खासगीत पाठवतात.

शिकणाऱ्यापासून सुरुवात करणे आपल्या परंपरेला नवे नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते नोकरी सांभाळून शिकता यावे म्हणून सकाळी भरे. आधी शिकणाऱ्याचा दिवस पाहिला, मग वेळापत्रक आखले.

आज याचा अर्थ एवढाच, की कमी डेटात उतरणारी ध्वनिफीत आणि मराठी टिपण द्यावे, प्रश्न निनावी विचारता यावा, ऊसतोडीला गेलेल्याला हंगामानंतर परत येण्याची वाट ठेवावी. रचना ठरवणाऱ्या पहिल्या बैठकीला रोजंदारीवर जाणारा एखादा विद्यार्थी बसवला, तर ही यादी तोच पुढे वाढवील.